शिनाण्यांची शेती आणि खाडीवरील हक्क

कोकणच्या खाड्यांत शिनाण्यांची व कालवांची शेती व्हावी, असा आग्रह अलीकडे सर्वत्र धरला जात आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शिंपवर्गीय प्राण्यांच्या संवर्धनाचा समावेश झाला. सर्वसाधारण गटास खर्चाच्या ४० टक्के, आणि महिला, अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती यांस ६० टक्के अर्थसाहाय्याची तरतूद करण्यात आली. त्यापूर्वीच सिंधुदुर्ग जिल्ह्यात, संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने चाललेल्या सागरी जैवविविधता प्रकल्पात, महिला बचत गटांनी ही शेती करून पाहिली होती. हा आग्रह मुळीच गैर नाही. ज्या पिकाला खत नको, नांगरट नको, औषध नको आणि चाराही घालावा लागत नाही, अशी पिके जगात फार थोडी आहेत.

परंतु कामाचे मोजमाप ज्या रीतीने होते, ती रीत चुकीची आहे. या वर्षी किती दोर पाण्यात सोडले, किती गटांना साहित्य दिले, यावर कामाची प्रगती ठरते. दोर बाजारात मिळतात, बांबूही मिळतात. दोराला लावावयाचे बीज कोठून येणार आणि ज्या पाण्यात दोर लोंबणार ते पाणी कोणाचे, हे दोन प्रश्न मात्र तक्त्यात कोठेच नसतात. ही शेती टिकते किंवा मोडते ती नेमकी या दोन प्रश्नांवर. म्हणून ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधुभगिनींनी प्रथम या प्राण्याचा जीवनक्रम समजून घेणे अगत्याचे आहे.

शिनाणे हा दोन शिंपांचा, हिरवट कवचाचा प्राणी आहे. समुद्रालगतच्या खडपावर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात आणि त्याखालीही तो दाटीने वाढतो. त्याच्या पायाजवळील ग्रंथीतून रेशमासारखे चिवट धागे निघतात आणि त्या धाग्यांनी तो कातळाला घट्ट धरून राहतो. हा धागा तुटला तरी जिवंत शिनाणे नवा धागा काढते आणि दुसऱ्या आधाराला चिकटते. या एका गुणावर त्याची सारी शेती उभी आहे. कालवाचे तसे नाही. ते आपले एक कवच दगडाला कायमचे सांधून टाकते आणि एकदा बसले की हलत नाही. तिसऱ्या व मुळे यांची रीत आणखी निराळी. ते खाडीच्या वाळूत किंवा चिखलात स्वतःला पुरून घेतात आणि श्वासापुरती नळी वर ठेवतात. तिघांनाही बाजारात आपण एकाच पंक्तीला बसवतो, परंतु एकाची शेती दुसऱ्याच्या पद्धतीने होऊ शकत नाही.

शिनाण्यांत नर व मादी वेगळे असतात. कवच उघडले की पक्व मादीचे मांस नारिंगी-तांबूस दिसते आणि नराचे दुधट पांढरे. घरात शिनाणे साफ करणाऱ्या प्रत्येक स्त्रीने हे दोन रंग पाहिलेले असतात. तांबडे मांस म्हणजे शिळे अशी काही ठिकाणी समजूत आहे. ती निराधार आहे. नर व मादी आपले बीज पाण्यातच सोडतात. एक मादी लाखो अंडी सोडते आणि फलन उघड्या पाण्यात होते. काही तासांतच त्यातून पोहणारी सूक्ष्म अळी तयार होते, आणि सुमारे एका दिवसात तिच्यावर पहिले नाजूक कवच येते. त्यानंतर दोन ते तीन आठवडे ही अळी प्रवाहाबरोबर वाहत राहते. या काळात ती कोणत्या गावची, हे सांगता येत नाही. एका खाडीतील अंडे दुसऱ्याच खडपावर जाऊन बसू शकते. पुढे योग्य आधार मिळाला तर ती स्थिर होते, नाही तर मरते. लाखो अंड्यांतून खडपावर पोहोचणारी पिल्ले अगदी मूठभर असतात.

पश्चिम किनाऱ्यावर हे प्रजनन मुख्यतः पावसाळ्यात व त्याच्या अखेरीस होते, आणि पावसाळा ओसरताच खडप बारीक पिल्लांनी काळपट हिरवे दिसू लागते. हेच शेतीचे बीज. शिनाण्याचे अन्न म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती. कल्ल्यांमधून पाणी खेचून, त्यातील कण गाळून ते पोट भरते. पूर्ण वाढलेले एक शिनाणे तासाला काही लिटर पाणी गाळू शकते. यामुळेच त्याला चारा घालावा लागत नाही. यामुळेच पाण्यात जी घाण असेल तीही त्याच्या अंगात साठते. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

भारतात या विषयाचे शास्त्रशुद्ध संशोधन प्रामुख्याने केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने केले. ही संस्था १९४७ साली स्थापन झाली. तिच्या शास्त्रज्ञांनी १९७० नंतरच्या दशकात तुतिकोरीन येथे मोती देणाऱ्या व खाण्याच्या कालवांवर, आणि विळिंजम व कालिकत येथे शिनाण्यांवर प्रयोग केले. तुतिकोरीनला १९७३ साली मोती पिकविण्यात यश आले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनेही त्याच दशकात तरंगत्या तराफ्यांवरून दोर सोडून हिरव्या शिनाण्यांची वाढ मोजली आणि १९७७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोरावरचे शिनाणे खडपावरच्यापेक्षा झपाट्याने वाढते, हे या प्रयोगांनी निर्विवाद सिद्ध केले. त्याचे कारणही सरळ आहे. खडपावरचे शिनाणे प्रत्येक ओहोटीला पाण्याबाहेर उपाशी राहते. दोरावरचे आठही प्रहर जेवते.

तरीही या यशानंतर सुमारे वीस वर्षे शेतकऱ्यांच्या हाती काहीच आले नाही, आणि या दिरंगाईत शिकण्यासारखे पुष्कळ आहे. उघड्या समुद्रातील तराफा नांगरून ठेवणे, त्याची राखण करणे व खवळलेल्या पाण्यात तो वाचविणे हे संस्थेला परवडते, चार बायकांच्या गटाला परवडत नाही. वाट सापडली ती शास्त्रज्ञांनी तराफा सोडून खाडीकडे पाहिले तेव्हा. केरळच्या कासरगोड जिल्ह्यातील पडन्ना येथे, १९९६-९७ च्या सुमारास, उथळ व शांत खाडीत बांबूच्या मांडवावरून दोर सोडण्याची पद्धत रुजली. बचत गटांतील स्त्रियांनी ती उचलली, बँकांनी कर्जे दिली, आणि दहा-बारा वर्षांत केरळचे वार्षिक उत्पादन दहा हजार टनांच्या पलीकडे गेले. पद्धत स्वस्त आणि घराजवळची झाली, तेव्हाच लोकांनी ती घेतली.

ही पद्धत थोडक्यात अशी. ओहोटीलाही दीड ते दोन मीटर पाणी राहील अशा जागी खांब रोवून मांडव करावा. सुमारे १५ ते २५ मिलिमीटर लांबीची पिल्ले आणून धुवावी, दोराभोवती सारखी पसरावी आणि वरून जुन्या सुती मच्छरदाणीसारखे विरळ कापड गुंडाळून शिवून टाकावे. दोन-तीन दिवसांत पिल्ले धागे काढून दोराला चिकटतात आणि पुढे कापड कुजून गळून पडते. दर मीटर दोराला एक ते दीड किलो बीज लागते. दोराचे टोक तळाला टेकू देऊ नये. टेकले की खेकडे वर चढतात. वाढ दाट झाली तर विरळणी करावी, नाही तर वजनाने झुपकेच्या झुपके सुटून चिखलात जातात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लावलेले पीक एप्रिल-मेमध्ये काढावयाचे आणि ते मृगाच्या आत काढलेच पाहिजे. पावसाचे गोडे पाणी खाडीत उतरले की क्षारता कोसळते. दर लिटर पाण्यात सुमारे २७ ते ३५ ग्रॅम मीठ असताना उत्तम वाढणारे शिनाणे त्या पाण्यात कवच मिटून घेते आणि फार दिवस मिटून राहावे लागले तर मरते. भाव वाढेल या आशेने पीक पाण्यात ठेवणारा शेतकरी एका रात्रीच्या पावसात सारे गमावू शकतो. कालव या बाबतीत अधिक सोशिक आहे. जेथे खाडीत गोड्या पाण्याची ये-जा अधिक, तेथे शिनाण्याचा हट्ट न धरता कालवच लावावे.

आता हिशेब पाहावा. पाच मीटर लांब व पाच मीटर रुंद अशा एका मांडवाला एकेक मीटरचे १०० दोर लावता येतात. चांगले साधले तर दर मीटरला सुमारे १० किलो, म्हणजे मांडवामागे एक टन शिनाणे कवचासह मिळतात. यात मांस फार तर तिसऱ्या हिश्श्याइतके असते, हे विक्रीच्या वेळी विसरू नये. परंतु याच हिशेबाची दुसरी बाजू अशी की, त्या एका मांडवाला १०० ते १५० किलो बीज लागले. गावात दहा मांडव झाले तर एक ते दीड टन पिल्ले कोठल्या तरी खडपावरून खरवडून आणावी लागतील. हे खडप कोणाचे? कागदोपत्री कोणाचेच नाही. प्रत्यक्षात ते त्या बायकांचे आहे, ज्या अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला, पाणी पार खाली गेले की, कोयती व पाटी घेऊन खडपावर उतरतात आणि दुपारी वाटे लावून बाजारात बसतात.

केरळात हा झगडा प्रत्यक्ष झाला. शेती वाढू लागली तशी बीजाची मागणी वाढली, आणि मोठे शिनाणे काढून पोट भरणारे पाणबुडे व पिल्ले मागणारे शेतकरी समोरासमोर आले. दोघांच्याही बाजूला तथ्य होते. खडपाच्या वरच्या भागावर बसलेली पुष्कळशी पिल्ले उन्हाळ्याच्या तापाने आणि पुढच्या पावसाळ्याच्या लाटांनी मरावयाचीच असतात. ती वेळीच उचलून दोरावर लावली तर निसर्गाची हानी न होता पीक उभे राहते. पण जो हात वरची पिल्ले खरवडतो तोच हात, मजुरी किलोवर मिळत असेल तर, खालची जाणती शिनाणेही सोडत नाही. आणि अंडी घालणारी ती जाणती शिनाणीच आहेत. कोकणात दहा ठिकाणी दोर पोहोचण्यापूर्वी हा निर्बंध गावाने घालावा: बीज वरच्या पट्ट्यातूनच आणि पावसाळ्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच घ्यावे, खालच्या पट्ट्याला हात लावू नये. बीज प्रयोगशाळेतील टाक्यांत तयार करण्याचे तंत्र भारतीय शास्त्रज्ञांना साध्य झालेले आहे. जेथे शासन दोरांवर पैसा खर्च करीत आहे, तेथे त्यातील काही भाग बीजकेंद्रावर खर्च होणे अधिक हिताचे ठरेल. बी-बियाण्यांच्या सोयीवाचून भाताचे क्षेत्र वाढविण्याची योजना कोणी मांडली तर तिला कोणी मान्यता देणार नाही. खाडीच्या बाबतीत मात्र ती सहज मिळते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. खाडी कोणाच्या सातबाऱ्यावर नसते. मांडव रोवला की तेथे जाळे टाकता येत नाही, होडी जाऊ शकत नाही, आणि खालच्या वाळूत मुळे-तिसऱ्या काढणारीला वळसा घालावा लागतो. आज एक मांडव आहे म्हणून कोणी बोलत नाही. उद्या बाहेरचा भांडवलदार शंभर मांडवांची परवानगी घेऊन आला तर भांडण होणार, आणि त्या भांडणात सर्वांत आधी ज्यांचा आवाज दबेल त्या याच बायका असतील, कारण त्यांच्या कामाची नोंद कोठल्याही दप्तरात नाही. होडी असणाऱ्याची नोंदणी होते, जाळे असणाऱ्याची होते. पाटी असणारीची होत नाही. तेव्हा खाडीतील जागा देण्यापूर्वी, तेथे आजवर कोण काय काढते याची यादी ग्रामपंचायतीने करावी आणि मांडवाचा पहिला हक्क त्या यादीतील कुटुंबांच्या गटाला द्यावा, हे न्यायाचे आहे. ते व्यवहाराचेही आहे. या शेतीला कुंपण नसते. रात्री दोर कापून नेणे दहा मिनिटांचे काम आहे. ज्यांना वगळले त्यांच्या डोळ्यांदेखत वाढणारे पीक राखणे कोणत्याही राखणदाराला शक्य नाही.

काही अनुभवी कार्यकर्ते असे म्हणतात की, तिसऱ्या काढणाऱ्या गरीब बायकांवर नियम लादणे अव्यवहार्य आहे. त्यांना आजचा वाटा हवा असतो, पुढच्या वर्षाचा नव्हे. हा आक्षेप वरवर सहृदय आहे, परंतु अनुभव त्याच्या उलट आहे. केरळच्या अष्टमुडी खाडीत तिसऱ्यांची मोठी काढणी चालते. परदेशी मागणीमुळे ती १९९१ साली दहा हजार टनांपर्यंत गेली आणि १९९३ पर्यंत निम्म्यावर आली. तेव्हा संशोधकांच्या सल्ल्याने तेथे काही साधे नियम झाले. डिसेंबर ते फेब्रुवारी या प्रजननाच्या काळात काढणी बंद. जाळ्याचे आस ३० मिलिमीटरपेक्षा लहान नको. आणि एका किलोत १४०० पेक्षा अधिक मांसाचे गोळे बसतील इतका बारीक माल निर्यातीस नको. काढणाऱ्यांनीच ते नियम पाळले, कारण बंदीनंतरच्या हंगामात पाटीत काय पडते ते त्यांना दिसत होते. उत्पादन सावरले, आणि २०१४ साली या मत्स्यव्यवसायाला टिकाऊपणाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. भारतात ते मिळविणारा हा पहिलाच. तेथेही संकटे संपलेली नाहीत. दक्षिण व मध्य अमेरिकेकडचा एक परका शिंपला केरळच्या खाड्यांत शिरून अष्टमुडीत फोफावल्याचे २०१९ साली नोंदले गेले, आणि तो तिसऱ्या-कालवांची जागा बळकावू लागला. कोकणच्या खाड्यांत अनोळखी, दाटीने वाढणारा शिंपला दिसला तर ग्रामसेवकाने त्याचा नमुना मत्स्यव्यवसाय विभागाकडे किंवा रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राकडे त्वरित पाठवावा. कुतूहल म्हणून तो दुसऱ्या खाडीत नेऊन सोडणे हा प्रमाद होईल.

राहिला आरोग्याचा विषय. शिनाणे पाणी गाळून जगते, म्हणून ज्या खाडीच्या काठाला गटार येऊन मिळते तेथे मांडव मुळीच घालू नये, मग जागा इतर दृष्टींनी कितीही सोयीची असो. काढलेला माल स्वच्छ समुद्रपाण्यात अर्धा ते एक दिवस ठेवला तर पोटातील गाळ व बरेचसे जंतू बाहेर पडतात; हे काम गटाने कधीही टाळू नये. याहून अवघड गोष्ट म्हणजे समुद्राचा रंग बदलविणारी काही सूक्ष्म वनस्पतींची विषारी लाट. सप्टेंबर १९९७ मध्ये केरळात असे दूषित शिनाणे खाऊन सात माणसे दगावली आणि शेकडो आजारी पडली. ते विष शिजविल्याने नाहीसे होत नाही. मसाला, कोकम, चांगली उकळी यांपैकी कशाचाही उपयोग नाही. म्हणून पाणी तांबूस-तपकिरी झाले किंवा मासे मरून काठाला लागले, तर त्या भागातील शिनाणे, कालवे, तिसऱ्या सारेच काढणे व विकणे तत्काळ थांबवावे आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत सुरू करू नये. त्या आठवड्यात गटाचे नुकसान होईल. पण एकदा एका गावच्या मालाने माणूस दगावला की, साऱ्या किनाऱ्याचा माल कोणी हातात धरणार नाही.

बाजाराची बाजू तुलनेने सोपी आहे, निदान किनाऱ्यावर. ज्या घरात तिसऱ्यांची एकशिपी आणि कालवांचे सुके होते, त्या घराला शिनाण्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. घाटावरचा बाजार मात्र अजून तयार नाही, आणि तो तयार आहे असे गृहीत धरून गटाला मोठे कर्ज काढावयास लावू नये. पहिल्या वर्षी एक किंवा दोन मांडव, विक्री जवळच्या दोन-तीन आठवडे बाजारांत व पर्यटकांच्या खानावळींत, इतकेच धोरण ठेवावे.

या कामाची सुरुवात दोर विकत घेण्यापासून नव्हे, तर श्रावण-भाद्रपदातील बैठकीपासून झाली पाहिजे. त्या बैठकीला होडीवाले, जाळेवाले यांच्याबरोबर पाटीवाल्या बायका आल्या आहेत की नाही हे ग्रामसेवकाने स्वतः पाहावे, आणि बैठक भरतीच्या वेळी ठेवावी. ओहोटीला ठेवली तर त्या येणार नाहीत. त्या खडपावर असतील. बैठकीत खडपाचे पट्टे, खाडीतील जागा व काढणीची यादी ठरवून ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावी. पुढे पंधरा-पंधरा दिवसांनी, उधाण व भांग या दोन्ही वेळी, नियोजित जागेतील पाण्याची खोली व क्षारता मोजून नोंदवावी. ऑक्टोबरअखेर खारेपणा स्थिर झालेला दिसला, तरच बीज उचलण्याची तारीख ठरवावी. न झाल्यास त्या वर्षी त्या जागी कालवांच्या शिंपा लावाव्या आणि शिनाण्यांचे दोर कोरडे ठेवावे.